उघडून न पाहिलेली प्रत

धुळ्याच्या पाचव्या गल्लीत एका सायकल दुकानाच्या वर बायकांच्या तक्रारी ऐकणारं एक केंद्र होतं. दोन खोल्या, एक फोन, थोड्या खुर्च्या आणि एक सतरंजी. केंद्र चालवणाऱ्या बाई शाळेतून निवृत्त झालेल्या होत्या. अख्खी गल्ली त्यांना अक्का म्हणे, म्हणून आम्हीही अक्का म्हणत असू. मी तेव्हा जळगावहून निघणाऱ्या एका दैनिकाच्या धुळे कार्यालयात काम करत होते. नव्वदीच्या दशकाचा मध्य होता. बातम्या संध्याकाळी पाठवायच्या असत, त्यामुळे सकाळ मोकळी असे. केंद्रात येणाऱ्या बाईचं म्हणणं ऐकायचं आणि तिच्याच शब्दांत उतरवायचं, हे काम माझ्याकडे आलं. बातमीदाराला ते जमतं. मध्ये बोलायचं नाही आणि सांगणारीचं वाक्य सुधारायचं नाही, एवढंच त्यात असतं.

आलेल्या प्रत्येक बाईला अक्का एक गोष्ट सांगत. "इथे एकदाच सांगायचं. दुसऱ्यांदा तुला कुणी सांगायला लावणार नाही." पोलीस, वकील, भाऊ, मामा, प्रत्येकापुढे तेच पुन्हा उगाळून ती बाई आधीच थकलेली असे. त्या वाक्यावर पुष्कळ जणी पहिल्यांदा खाली बसत.

सुरुवातीला हे सगळं रजिस्टरमध्ये लिहिलं जाई. एकदा अक्का पोस्टात गेल्या असताना एका बाईचा दीर आला आणि थांबतो म्हणाला. थांबला तेवढ्यात त्याने टेबलावरचं रजिस्टर चाळलं. त्याच्या भावजयीने नवऱ्याविषयी सांगितलेलं एक वाक्य आठवड्याभरात गावच्या पारावर पोचलं, जसंच्या तसं. येता-जाता पोरं ते तिला ऐकवू लागली. ती पुन्हा आली नाही. तिच्याकडे निरोप पाठवला, तर निरोप नेणारीला तिने दारातूनच परतवून लावलं.

"दिराने वाचलं, ते तो करणारच," अक्का म्हणाल्या. "उघडं ठेवलं कुणी? आपण."

त्या दिवसापासून कागद बंद झाला. केंद्र ज्या संस्थेचं होतं तिला नुकताच एक जुना संगणक देणगीत मिळाला होता. तो कापडाखाली झाकून ठेवलेला होता आणि पाहुणे आले की कापड काढून दाखवला जाई. अक्कांनी कापड काढून घडी करून कपाटात टाकलं. संगणकात मराठीसाठी एक वेगळं कार्ड बसवलेलं होतं. कॅप्स लॉकची कळ दाबली की कीबोर्डावरचा छोटा दिवा लागे आणि कळा मराठी होत. पुन्हा दाबली की इंग्रजी. अक्का कार्डासोबतची पुस्तिका घरी घेऊन गेल्या. स्वयंपाकघराच्या ओट्यावर बोटं आपटत त्यांनी कळांच्या जागा पाठ केल्या. महिन्याभरात त्या माझ्यापेक्षा भराभर टाइप करू लागल्या. तो छोटा दिवा मात्र त्या कधी विझवत नसत. इंग्रजीचं त्यांना काम पडत नव्हतं.

फाइल दाबायची आणि तिला कुलूप लावायचं, हे आम्हाला शिकवलं ते जळगावच्या माझ्या मैत्रिणीने. ती लग्नपत्रिका आणि हँडबिलांचं डीटीपी करायची. ती एक रविवार धुळ्याला आली, फ्लॉपीवर एक छोटा प्रोग्रॅम घेऊन.

"अक्का, जिनिंगमध्ये सुटा कापूस बघितलाय ना? खोलीभर असतो. प्रेसमध्ये घालून दाबला, पट्ट्या मारल्या, की गाठ होते. मग ती ट्रकमध्ये मावते. तसंच हे."

"आणि कुलूप?"

"गाठ बांधतानाच. हा प्रोग्रॅम आधी दाबतो, मग कुलूप लावतो. उलटं करायला गेलात, तर काही दबत नाही."

"का गं?"

मैत्रिणीने सांगितलं ते असं. जो शब्द पुन्हा पुन्हा येतो तो प्रोग्रॅम एकदाच पूर्ण ठेवतो. बाकी जागी नुसती खूण करतो, की तोच शब्द इथेही आहे. मजकुरात पुनरुक्ती जितकी जास्त, तितकी फाइल लहान होते. कुलूप लावलं की अक्षरांची अशी मोडतोड होते की पुनरुक्ती दिसेनाशी होते, मग दाबायला काही उरत नाही.

तिने आमच्या तेव्हापर्यंतच्या नोंदी दाबून दाखवल्या. फाइल एवढीशी झाली. ती स्क्रीनकडे पाहत राहिली.

"माझ्या पत्रिकांची फाइल पण एवढी दबत नाही. आणि पत्रिकेत तर तेच तेच असतं. तुम्ही लिहिता तरी काय?"

"तुझ्या पत्रिकेनंतरचं," अक्का म्हणाल्या.

त्या वेळी आम्ही हसलो. नंतर मी नोंदी घेताना पाहू लागले. हुंडा, सासू, काठी, माहेर, कोंडून, उपाशी. साक्री असो, शिंदखेडा असो की शहरातली एखादी मोठी पेठ, शब्द तेच. त्यांचा क्रमही फारसा बदलत नसे. बाया वेगवेगळ्या होत्या, घरं वेगवेगळी होती, जाती वेगळ्या होत्या. यंत्राला यातलं काही माहीत नव्हतं. त्याने फक्त शब्द मोजले आणि सगळ्यांचं मिळून एक लहानसं गाठोडं केलं.

एक प्रत धुळ्याबाहेर असावी, हे अक्कांनीच ठरवलं. केंद्राला एकच दार होतं आणि त्याची किल्ली संस्थेच्या आणखी दोघांकडे असे. सुरुवातीला फ्लॉपी पाकिटात घालून एसटीच्या कंडक्टरकडे देत असू. बातम्यांची पाकिटं अशीच जात. जळगावच्या स्टँडवर मैत्रीण उतरवून घेई. पहिल्याच उन्हाळ्यात एका कंडक्टरने पाकीट इंजिनाच्या बॉनेटवर ठेवलं. पारोळा, एरंडोल करत गाडी जळगावला पोचेपर्यंत फ्लॉपी पापडासारखी वाकडी झाली होती. तेव्हा आमच्या दैनिकाने फोनच्या तारेवरून फाइल पाठवायचं नवं मोडेम घेतलं होतं. जुनं, संथ मोडेम संपादकांना विचारून मी केंद्रात आणलं. रविवारी परगावच्या फोनचा, एसटीडीचा दर कमी असे. त्या दिवशी फोनची वायर मोडेमला लावायची. ते आधी शिट्टी मारी, मग खरखरत राही. मध्येच लाइन तुटली की पुन्हा पहिल्यापासून. फाइल दाबलेली होती म्हणूनच ती लाइन तुटायच्या आत पलीकडे पोचे.

कुलपाचा शब्द फक्त अक्कांना माहीत होता. मलाही नाही. फाइल उघडताना किंवा बंद करताना प्रोग्रॅम शब्द मागे आणि टाइप केलेलं स्क्रीनवर दिसत नसे. तरीही अक्का म्हणत, "मान वळवा." खोलीत जी कोणी असेल ती भिंतीकडे तोंड करी. तक्रार सांगायला आलेली बाईसुद्धा. काम झालं की मूळ उघडी फाइल पुसायची, आणि नुसती पुसायची नाही, तर तिच्या जागेवर दुसरं काहीतरी लिहून टाकायचं, कारण पुसलेली फाइल परत आणता येते. हेही मैत्रिणीनेच शिकवलं होतं. तिच्याकडे प्रत होती, शब्द नव्हता. तिने तो मागितला नाही.

"मी एकदा उघडून बघायला नको का, नीट पोचतेय का ते?" तिने एवढंच एकदा विचारलं होतं.

"बघायचं म्हणजे वाचायचं," अक्का म्हणाल्या. "त्या बायांना मी सांगितलंय, कुणी वाचणार नाही."

"बरं."

विषय तिथेच संपला. जवळजवळ वर्षभर दर रविवारी प्रत जळगावला जात राहिली आणि तिथे एकदाही उघडली गेली नाही. आम्हाला याचा अभिमान वाटत होता.

शिंदखेड्याकडच्या एका गावातून एक बाई आली ती भर पावसाळ्यात, लहान मुलीला घेऊन. मुलीच्या पाठीवर वळ होते. आईने स्वतःचं कमी आणि मुलीचं जास्त सांगितलं. ती अहिराणीत बोलत होती आणि मी तसंच उतरवत होते. मध्येच ती थांबली आणि म्हणाली, "बठ्ठं, सगळं लिखी ले, ताई. मी परत नही सांगाव." सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरने काय पाहिलं, कोणत्या दिवशी पाहिलं, तेही नोंदीत गेलं. अक्कांनी ओळखीतून तिला चोपड्याला पाठवलं. तिथे मुलींच्या एका वसतिगृहात भाकरी करायचं काम होतं, राहायला खोली होती आणि मुलीला शाळा. तो पत्ताही नोंदीत गेला. तो तीन माणसांना माहीत होता, तिला, अक्कांना आणि मला.

हिवाळ्यात नवऱ्याने कोर्टात अर्ज केला. बायको कारण नसताना निघून गेली, मुलीला लपवून ठेवलं, मुलगी मला मिळावी, असा. अर्जाची नोटीस केंद्राच्या पत्त्यावर आली. पाठोपाठ आबा आले.

आबा म्हणजे संस्थेचे अध्यक्ष. धोतर, टोपी, खिशात पेन. शहरातल्या निम्म्या भांडणांत त्यांनी बैठक बसवून समेट केलेला होता आणि त्याचा त्यांना मान होता. खानदेशात अशा बैठका गावोगाव होतात. दोन्हीकडची चार-चार माणसं बसतात, चहा होतो, बाईला आतल्या खोलीत बसवतात आणि शेवटी तिला बाहेर बोलावून काय ठरलं ते सांगतात. आबा वाईट माणूस नव्हते. तुटलेलं घर म्हणजे अर्धवट राहिलेलं काम, असं ते मानत.

"अक्का, तिच्या नवऱ्याचे काका माझ्याकडे आले होते," ते म्हणाले. "भला माणूस आहे. ती बाई कुठे आहे तेवढं सांगा, आपण रविवारी बैठक लावू. मिटवून टाकू."

"आबा, तिला विचारते. ती हो म्हणाली तर सांगेन."

"तिला काय विचारायचं? तिला काय कळतं?"

"वळ कुणाचे आहेत ते कळतं तिला."

आबांनी चहाचा कप बशीत ठेवला. "बरं, मग तिचं लिहिलेलं तरी दाखवा. मी अध्यक्ष आहे. संस्थेचा कागद मला बघता येत नाही?"

"कागद नाहीये, आबा."

"अहो, संगणक तर संस्थेचा आहे ना?"

"डबडं संस्थेचं. बायांचं बोलणं बायांचं."

आबा उठले. जिन्यात त्यांनी मला विचारलं, "त्या फाइलला शब्दाचं कुलूप आहे म्हणतात. तुम्हाला माहितीय का हो, काय शब्द आहे तो?"

"नाही."

"असं कसं? तुम्हीच लिहिता ना सगळं?"

"लिहिते मी. कुलूप त्या लावतात. तेव्हा आम्ही भिंतीकडे बघतो."

माझ्यावर त्यांचा विश्वास बसला नाही. दुसऱ्या दिवशी त्यांचा आमच्या संपादकांना फोन गेला. संपादकांनी मला बोलावून विचारलं, हे काय प्रकरण आहे. मी सांगितलं. त्यांनी विचारलं, केंद्राचं काम सोडता येईल का. सकाळची वेळ माझी आहे, असं मी म्हणाले. त्या महिन्यापासून मला बाजारभावाचं पान मिळालं. केळी, कापूस, भुईमूग. मी ते केलं. सकाळी केंद्रात जाणं थांबवलं नाही.

पुढच्या सोमवारी आम्ही जिना चढलो तेव्हा दाराला दुसरं कुलूप होतं. खाली सायकल दुकानवाल्याने सांगितलं, आबा माणसं घेऊन आले होते, संगणक गाडीत घालून नेला. संस्थेच्या बैठकीत ठराव झाला होता, की केंद्राचं काम तूर्त स्थगित आणि संस्थेची मालमत्ता अध्यक्षांच्या ताब्यात. अक्कांना ठरावाची प्रत रजिस्टर पोस्टाने आली.

"स्थगित," अक्का वाचून म्हणाल्या. "बाया स्थगित होणार आहेत का आता?" त्या दिवसापासून बाया त्यांच्या घरी येऊ लागल्या, ओसरीवर बसू लागल्या.

आबांचा पुतण्या गावात संगणकाचा क्लास चालवी. संगणक त्याच्याकडे गेला. त्याच्या क्लासला येणारी एक मुलगी अक्कांची जुनी विद्यार्थिनी होती. तिच्याकडून बातम्या येत. पुतण्या रोज संध्याकाळी शब्द घालून बघतो. देवांची नावं झाली. अक्कांच्या माहेरच्या गावाचं नाव झालं. त्यांच्या शाळेचं, कुलदैवताचं झालं.

"काल सरांचं नाव घातलं म्हणे, तुमच्या," मुलगी दबक्या आवाजात म्हणाली. सर म्हणजे अक्कांचे यजमान. ते वारले त्याला बरीच वर्षं झाली होती.

अक्का खळखळून हसल्या. "मी जन्मात कधी घेतलं नाही त्यांचं नाव, आणि हा घेतोय!"

पण तारीख जवळ येत होती. अर्जाला उत्तर द्यायला आमच्या वकिलांना मुलीच्या वळांची तारीख हवी होती, डॉक्टरचं नाव हवं होतं, आणि त्या आधीच्या मारहाणीचा जो क्रम आईने त्या दिवशी सांगितला होता तो हवा होता. वकील म्हणाले, बाईलाच पुन्हा विचारा. अक्का म्हणाल्या, नाही. तिला एकदाच सांगायचं असं मी बोलले आहे. प्रत आहे जळगावला.

आम्ही एसटीने जळगावला गेलो. फोनवर शब्द सांगायला अक्का तयार नव्हत्या. मैत्रिणीच्या दुकानात लग्नसराईची घाई होती. तिने गिऱ्हाइकाला थांबवून ठेवलं, संगणक आमच्या ताब्यात दिला आणि न सांगता पाठ फिरवली. मीही फिरवली. मागे अक्कांची बोटं चालल्याचा आवाज आला. मग शांतता. पुन्हा बोटं. पुन्हा शांतता.

"नाही म्हणतंय," अक्का म्हणाल्या.

"सावकाश घाला, अक्का."

"सावकाशच घालतेय. आयुष्यभर शिकवलं मी, मला शब्द येत नाही का?"

त्यांनी तो अनेकदा घातला. शेवटी मैत्रीण न वळताच म्हणाली, "अक्का, राग नका मानू. तुम्ही बोटं कुठे ठेवताय? मराठीसारखी, की इंग्रजीसारखी?"

"म्हणजे काय? शब्द मराठी आहे, तर मराठीसारखीच."

मैत्रीण वळली. तिच्या चेहऱ्यावरून मला कळलं. तिच्या संगणकात ते कार्ड नव्हतं. तिची मराठी वेगळ्या पद्धतीची होती आणि ती फक्त पत्रिकांच्या प्रोग्रॅममध्ये चाले. कुलपाचा शब्द मागणाऱ्या काळ्या पडद्यावर नव्हे. धुळ्यात अक्कांनी शब्द घातला तेव्हा दरवेळी तो छोटा दिवा लागलेला होता. कुलपात गेली ती कार्डाची मराठी अक्षरं. इथे त्याच कळांमधून इंग्रजी अक्षरं निघत होती. इंग्रजीत तो शब्द लिहून काही उपयोग नव्हता, कारण तो शब्द इंग्रजीत कधी नव्हताच. स्क्रीनवर काही दिसत नाही, आणि दिसलं असतं तरी आम्ही सगळ्या भिंतीकडे पाहत होतो. जळगावात प्रत एकदा उघडून बघितली असती, तर हे पहिल्याच रविवारी कळलं असतं. ते आम्ही केलं नव्हतं, कारण ते आम्हाला बरं दिसत नव्हतं.

तो शब्द घालता येईल असा आमच्या माहितीतला एकच संगणक होता, आणि तो आबांच्या पुतण्याकडे होता.

"तो पण इंग्रजीतच घालत असणार," मैत्रीण म्हणाली. "दिवा विझवून. म्हणून त्याला उघडत नाहीये. नशीब."

"नशीब कसलं," अक्का म्हणाल्या. "उद्या तो दिवा लावेल." त्या स्टुलावर बसल्या होत्या. मी त्यांना तोवर घाबरलेलं पाहिलं नव्हतं. त्या म्हणाल्या, "आता बाईला मी काय तोंड दाखवू?"

बाहेरचं गिऱ्हाईक आत डोकावून म्हणालं, "ताई, आमची पत्रिका?" मैत्रिणीने त्याला हाताने थांबवलं. ती म्हणाली, "यंत्राला अक्षर कळत नाही, अक्का. त्याला नंबर कळतो. प्रत्येक अक्षराला नंबर असतो. कळ नसली तरी नंबर देऊन अक्षर घालता येतं. त्या कार्डाच्या अक्षरांचे नंबर पाहिजेत फक्त."

"कुठे मिळतील?"

"कार्डासोबत पुस्तिका आली असेल ना? तिच्यात कोष्टक असतं मागे."

पुस्तिका अक्कांच्या स्वयंपाकघरात होती. त्या त्याच दिवशी परत गेल्या आणि दुसऱ्या दिवशी दुपारी पिशवीत पुस्तिका घेऊन जळगावात हजर झाल्या. पानांवर हळदीचे डाग होते. कोष्टक शेवटच्या पानावर होतं.

अल्टची कळ दाबून धरायची आणि नंबर टाइप करायचा. मैत्रिणीने आधी स्वतःच्या एका फाइलवर करून दाखवलं. मग अक्का बसल्या. कोष्टकातून एकेक अक्षर शोधायचं, त्याचा नंबर घालायचा, पुढचं अक्षर. काना वेगळा, वेलांटी वेगळी. पहिल्यांदा उघडलं नाही. त्यांनी नंबर वरच्या ओळीतल्या आकड्यांनी घातले होते. उजवीकडचे आकडे वापरायचे, असं पुस्तिकेत लिहिलेलं होतं. अक्कांनी ते मोठ्याने वाचलं, "हं," म्हणाल्या आणि पुन्हा सुरुवात केली.

आम्ही दोघी रस्त्याकडे पाहत होतो. मागून अक्का म्हणाल्या, "या."

कुलूप उघडलं होतं, मजकूर अजून वाचता येत नव्हता. कार्ड नसल्यामुळे स्क्रीनवर मराठीऐवजी रेघा, चौकोन आणि परकी अक्षरं दिसत होती. पण आता तो नुसता नंबरांचा आणि अक्षरांचा प्रश्न होता. मैत्रिणीने कोष्टकावरून एक छोटा प्रोग्रॅम लिहिला, तिच्या पद्धतीच्या मराठीत आणणारा. त्यात तिचे बरेच दिवस गेले आणि दोन पत्रिकांची गिऱ्हाइकं गेली. मजकूर न वाचता ते करता येणं शक्य नव्हतं. तिने अक्कांना तसं सांगितलं. अक्कांनी तिला समोर बसवलं आणि म्हणाल्या, "वाच. पण जेवढं लागेल तेवढंच." एका दुपारी ती काम थांबवून मला म्हणाली, "मी आता पत्रिका कशा करू गं?" तिने पत्रिका करणं सोडलं नाही. पोटाचा प्रश्न होता.

वकिलांना तारखा मिळाल्या, डॉक्टरचं नाव मिळालं. पत्ता दिला नाही. कोर्टात तिचा पत्ता 'वकिलांमार्फत' असा लिहिला गेला. आबांनी अक्कांना निरोप पाठवला, अजून वेळ गेलेली नाही, बैठक होऊ शकते. अक्कांनी उलट निरोप धाडला, की बैठकीत बाईला बाहेरच्या खोलीत खुर्ची मिळणार असेल तर कळवा. तिकडून काही कळलं नाही.

तारखेला ती चोपड्याहून एकटीच आली, मुलीला वसतिगृहात ठेवून. कोर्टाच्या व्हरांड्यात नवरा, त्याचे काका, आणखी काही माणसं आणि आबा. तिने पदर नीट केला आणि त्यांच्या समोरून आत गेली. आम्ही तिला सांगून ठेवलं होतं, पत्ता विचारला तर वकिलांकडे बघायचं, तुला काही बोलायची गरज नाही.

नवऱ्याच्या वकिलाने तेच विचारलं. मुलीला कुठे लपवून ठेवलं आहे, आणि बापापासून का लपवलं आहे. आमचे वकील उठत होते. ती त्यांच्या आधी बोलली.

"लपाडेल नही, साहेब. चोपडाले शे मनी पोर. शाळामा जास." तिने वसतिगृहाचं नाव घेतलं, गल्ली सांगितली. मग व्हरांड्याच्या दाराकडे पाहिलं. "ज्याले येनं व्हई त्यानी दिवसा येवो. नि माले इचारीसन येवो."

न्यायाधीशांनी ते प्रमाण मराठीत लिहून घेतलं. मग त्यांनी तिला विचारलं, मुलीच्या पाठीवरच्या खुणांबद्दल काही सांगायचं आहे का. अक्का माझ्या शेजारी ताठ झाल्या. तिने त्यांच्याकडे पाहिलं नाही. तिने सांगितलं, पहिल्यापासून, तारखांसकट, आणि आमच्या नोंदीत होतं त्यापेक्षा बरंच जास्त. मी सवयीने वही काढली होती, ती मिटून ठेवली.

निकाल त्या दिवशी लागला नाही. पुढच्या आदेशापर्यंत मुलगी आईकडेच राहील, एवढं झालं. बाहेर आल्यावर अक्का तिला म्हणाल्या, "अगं बाई, तो पत्ता आम्ही केवढा जपला होता, आणि तू सगळ्यांसमोर सांगून मोकळी."

"तुमनं कुलूप ऱ्हाऊ द्या, अक्का. बाकीन्या बाया शेतस ना, त्यास्नासाठे."

तेवढ्यात आबा जवळ आले. रागावलेले नव्हते. थोडे समाधानीच दिसत होते. "काय अक्का, एवढं करून पत्ता शेवटी मिळालाच की."

"मिळाला नाही, आबा. तिने दिला."

आबा काहीतरी म्हणणार होते. पण बाई तोवर फाटकापर्यंत पोचली होती. चोपड्याची गाडी लागायची वेळ झाली होती आणि तिला खिडकीजवळची जागा हवी होती.